दहावी पुंगळी

मी होल्स्टर. कमरेच्या पट्ट्याला अडकवून रिव्हॉल्व्हर ठेवायचं चामडी घर. वय बारा वर्षे, धंदा तोंड उघडं ठेवून बसणे, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर. कुणी विचारलेलं नसताना स्वतःहून हा जबाब देत आहे. पोलिसाच्या कमरेवर आयुष्य गेलं, त्यामुळे गोष्ट सांगायची दुसरी रीत मला येत नाही.

माझा जन्म मुंबईत, पोलिसांचे पट्टे, टोप्या आणि शिट्ट्या विकणाऱ्या एका दुकानाच्या माळ्यावर झाला. शिवणारे कारागीर म्हातारे होते. माप घ्यायला त्यांच्याकडे खरं रिव्हॉल्व्हर नव्हतं, एक लाकडी होतं, नळीला तडा गेलेलं. तेच माझ्यात खुपसून त्यांनी टाके घातले. म्हणजे माझ्या पोटात पहिल्यांदा गेलं ते लाकूड. पुढे काय काय जाणार याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

मला विकत घेतलं जयवंत राऊत यांनी. तेव्हा ते पोलीस उपनिरीक्षक होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. चौतीस वर्षं पोलिसात म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गुंड पळू लागतात. राऊतांपुढे फारसं कुणी पळालं नाही. चौतिसातली बावीस वर्षं ते मुद्देमालाच्या खोलीत होते. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू जिथे ठेवतात ती खोली. सुरे, तलवारी, गावठी कट्टे, चोरीच्या सायकली. एकदा एक जिवंत कोंबडाही आला होता. त्याची नोंद ‘नग एक’ अशी झाली आणि तो कोर्टाच्या तारखेपर्यंत टिकला नाही. राऊतांच्या कारकिर्दीत हिशेब चुकलेला तो एकच नग, आणि त्याचं नाव काढलं की ते आजही विषय बदलतात.

पोलिसांचा वर्षातून एकदा गोळीबाराचा सराव असतो. तिथेही राऊतच. गोळी उडून गेली की मागे पितळेचं रिकामं नळकांडं राहतं, त्याला पुंगळी म्हणतात. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत घ्यायच्या, हा नियम. गोळी कुठे लागली याची चौकशी कुणी करत नाही, पुंगळी कुठे गेली याची होते. एका वर्षी एक पुंगळी कमी भरली म्हणून राऊतांनी तीस जणांना ऊन कलेपर्यंत गवतात गुडघ्यांवर फिरवलं. त्या तिसांत सांडोरचे व्हॅलेरियन तुस्कानो होते, तेव्हाचे हवालदार. त्यांचे गुडघे अजून त्या दिवसाची आठवण काढतात. पुंगळी शेवटी राऊतांच्याच बुटाखाली सापडली, असं तुस्कानो सांगतात. राऊतांना हे मान्य नाही.

निवृत्तीच्या आधी राऊतसाहेबांनी शस्त्राचा परवाना काढला आणि कानपूरच्या कारखान्यातलं एक रिव्हॉल्व्हर आणलं. मी त्यांना कानपूरकर म्हणायचो. देखणे गृहस्थ, पण अत्यंत आळशी. दहा-अकरा वर्षं माझ्या पोटात राहिले आणि एकदाही तोंड उघडलं नाही. दसऱ्याला कोयत्याशेजारी पाटावर बसायचे, झेंडूचं फूल घ्यायचे आणि परत माझ्यात येऊन झोपायचे.

परवान्यात एक अट असते. शस्त्र झाकून बाळगावं, लोकांना दाखवत फिरू नये. साहेब नियमाचे पक्के, त्यामुळे ते मला सदऱ्याखाली झाकायचे. पण झाकायचे कसे, तर झाकलंय हे सगळ्यांना दिसेल असे. दुकानात गेले की नेमकी वरच्या फळीवरची बरणी मागायचे आणि दुकानदार उठायच्या आत स्वतःच हात वर करायचे. लग्नाच्या पंगतीत बसताना मला एकदा चाचपायचे, शेजारचा आपोआप सरकून बसायचा. मी खऱ्या अर्थाने एकदाही लपलो नाही.

तरी गावाला माझा एक उपयोग होता. भुईगावची गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं, मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता. आणि रविवारी समुद्र बघायला सगळी मुंबई येते, ती गाडीतून येते, आणि तिला मागे गाडी घेता येत नाही. समोरून आपला टेम्पो आला की पाहुणे काच खाली करून आपण कुणाचे कोण आहोत ते सांगतात. अशा वेळी समोरच्या घरातले ऑगस्टीन राऊतसाहेबांना हाक मारायचे. ऑगस्टीनची भाजी-केळ्यांची वाडी आहे आणि टेम्पो बहुधा त्यांचाच अडलेला असतो. साहेब गल्लीत यायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, सदऱ्याचं टोक उचलून कपाळाचा घाम पुसायचे. बस. मी दिसायचो. ज्यांना मागे गाडी घेता येत नव्हती त्यांना ती सरळ रेषेत घेता यायची.

हे पेन्शनीतलं वैभव होतं. बावीस वर्षं वस्तूंमध्ये बसलेल्या माणसाला रस्त्यावरची माणसं पहिल्यांदाच घाबरत होती.

मग लोकसभेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करतात. कानपूरकर गेले. साहेबांना पावती मिळाली आणि मी रिकामा घरी आलो. निवडणूक संपली, लोक निवडून आले, पण कानपूरकर येईनात. कारण मधल्या काळात परवान्याचीच मुदत संपली होती. आणि नूतनीकरणासाठी अर्जासोबत आता डॉक्टरचा दाखला हवा होता, शिवाय शस्त्र सुरक्षितपणे चालवता येतं असा प्रशिक्षणाचा दाखला, तोही मैदानावर परीक्षा देऊन.

परवान्याच्या खिडकीवरच्या बाईंना साहेबांनी शांतपणे सांगितलं की मी पोलिसांच्याच गोळीबाराच्या सरावाचा बंदोबस्त पाहत होतो. बाई म्हणाल्या, असाल, पण अर्जात त्यासाठी रकाना नाही. साहेबांनी आयुष्यभर लोकांना हेच उत्तर दिलं होतं. त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं आणि फार लागलं.

परीक्षेची तारीख लवकर मिळेना. रविवार तर दर आठवड्याला येत होता. पहिल्या रविवारी ऑगस्टीनने हाक मारली तेव्हा साहेब घरात दोनदा इकडून तिकडे गेले, मग फडताळातला अडकित्ता उचलला आणि माझ्यात खुपसला.

अडकित्ता पितळेचा, जड, साहेबांच्या आजोबांच्या वेळचा. तेव्हा वाडीत पानवेली होत्या. वापर आता एकट्या आशालताबाईंचा, म्हणजे साहेबांच्या पत्नीचा. तो माझ्यात बसला असा की लाकडी रिव्हॉल्व्हरही इतकं नीट बसलं नव्हतं. वरून दोन मुठी बाहेर राहायच्या, पण साहेब आता टोक बेताने उचलायचे, आणि कापडाखालून मूठ ती मूठ. साहेब गल्लीत गेले, घाम पुसला, गाडी मागे गेली. पुढच्या रविवारी ऑगस्टीनने मुद्दाम मोठ्याने विचारलं, “साहेब, भरलंय ना?” साहेब म्हणाले, “नेहमीच असतं.” ऑगस्टीनला खोकला आला. त्यांची बायको आल्बिना कुंपणाशी उभी होती, तिने त्यांना कोपर मारलं. मला वाटलं खोकल्यासाठीच मारलं.

त्या पहिल्या रविवारनंतर आशालताबाईंनी अडकित्ता दोन दिवस शोधला, शेजारीपाजारीही विचारून आल्या. तिसऱ्या दिवशी धुण्याचे कपडे गोळा करताना त्यांनी मला उचललं आणि त्यांना माझं वजन कळलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. त्या चिडल्या नाहीत.

“दुपारी जेवणानंतर मला लागतो,” त्या म्हणाल्या. “बाकी वेळ तुम्ही गावाचं रक्षण करा.”

असा करार झाला आणि तो वर्षाहून जास्त चालला. मधल्या दसऱ्याला पाटावर कोयत्याशेजारी अडकित्ता बसला. झेंडू त्यालाही शोभत होता.

पण साहेबांच्या मनाला चैन नव्हती. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खोट्या मालाला चिठ्ठ्या बांधलेला माणूस स्वतःच खोटा माल घेऊन फिरत होता. ते आशालताबाईंना म्हणाले की एखाद्या दिवशी कुणीतरी सदरा वर करून बघेल, त्या दिवशी माझी चौतीस वर्षं सुपारीसारखी कातरली जातील. मला पास व्हायलाच हवं. ते खरं माझ्या कमरेला परत यायला हवं.

अखेर तारीख आली. आणि त्याच दिवशीची तारीख तुस्कानोंनाही आली होती. त्यांचाही परवाना संपला होता. तेव्हापासून ते सकाळी सांडोरहून स्कूटरवर यायचे, ओट्यावर बसायचे आणि साहेबांचा सराव पाहायचे. सराव असा: पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या हात लांब करून डोळ्यांसमोर धरायचा, पाणी सांडता कामा नये. पहिल्या दिवशी साहेबांची चप्पल भिजली. पंधराव्या दिवशी एक थेंबही सांडला नाही. तुस्कानो म्हणाले, “राऊत, गोळीबारात पास होशील का माहीत नाही, पण लग्नात पाणी वाढायला तुला नक्की घेतील.” तुस्कानो स्वतः सराव करत नव्हते. त्यांचं म्हणणं, ज्याला यायचं त्याला येतं, आणि आपल्याला कधीच आलं नाही.

डॉक्टरच्या दाखल्याचं काम सोपं होतं. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं साहेबांना पाठ होती, कारण भरतीपासून तक्ता तोच आहे.

परीक्षेच्या सकाळी आशालताबाईंनी अडकित्ता माझ्यातून काढून घेतला. “खऱ्या कामाला चाललात, याची गरज नाही,” त्या म्हणाल्या आणि मला ओल्या फडक्याने पुसलं. इतक्या वर्षांत मला पुसणारी ती पहिली व्यक्ती.

महामार्गाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी एका क्लबचं मैदान होतं. लांब पत्र्याची शेड, समोर मातीचा बांध, त्याच्या अलीकडे कागदी निशाणं. परीक्षा घेणारा जेन्सन नावाचा मुलगा होता, असेल अठ्ठावीसचा. कानांवर मोठी आवरणं, गळ्यात शिट्टी. त्याने दोघांना ‘अंकल’ म्हटलं. साहेबांचा चेहरा मी खालून पाहिला. चौतीस वर्षांत त्यांना गुन्हेगारांनीसुद्धा अंकल म्हटलं नव्हतं.

जेन्सनने नियम सांगितले. लाल रेघेपुढे पाय टाकायचा नाही. शिट्टी होईपर्यंत टेबलाजवळून हलायचं नाही, वाकायचं नाही, काही पडलं तर पडू द्यायचं. “टार्गेटवर दहापैकी चार लागल्या तरी चालतील अंकल, टेन्शन नाही घ्यायचं. पण सेफ्टीत झीरो मिस्टेक. तिकडे चुकलात की गेम ओव्हर.” असं त्याने तीन वेळा सांगितलं. साहेब तिन्ही वेळा ताठ होऊन “यस सर” म्हणाले. सवय. हुकूम ऐकला की त्यांच्या टाचा आपोआप जुळतात. तुस्कानोंनी जांभई दिली.

शस्त्र क्लबचं होतं, पिस्तूल. इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रिव्हॉल्व्हरमधल्या पुंगळ्या आतच राहतात. सगळ्या गोळ्या झाल्या की गोळ्यांचं फिरतं चाक उघडून हातावर ओतून घ्यायच्या. पिस्तूल मात्र दर गोळीला पुंगळी उजवीकडे उडवतं, कुठे पडेल ते तिचं नशीब. साहेबांनी आज सदरा विजारीत खोचला होता आणि त्यांच्या उजव्या कमरेला मी होतो. रिकामा. धंद्याप्रमाणे तोंड उघडं ठेवून.

साहेबांनी हात लांब केला. तांब्या आठवला असावा, कारण हात दगडासारखा थांबला. पहिली गोळी निशाणावरच्या काळ्या गोलात. दुसरी काळ्यात. मुद्देमालातल्या माणसाने काय मारायचं होतं ते एकदाचं मारलं. सातवी उडाली आणि पुंगळी बाजूच्या खांबावर आपटली, उलटी आली आणि थेट माझ्यात पडली.

मी चामड्याचा असलो तरी मला कळतं. निखारा गिळल्यासारखं झालं. माझ्या तळाशी नखाएवढा गोल अजून जळका आहे, पाहायचा तर पाहा. साहेबांना वरून काहीच कळलं नाही. त्यांनी आठवी, नववी, दहावी मारली, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागे झाले. जेन्सनने दुर्बिणीतून पाहिलं आणि शिट्टी ओठांतून खाली आली. दहाच्या दहा काळ्यात. त्याने अंगठा वर केला.

शेजारच्या टेबलावर तुस्कानो अजून चौथ्या गोळीवर होते. त्यांची पद्धत संथ. मारायचं, मग मान हलवून स्वतःशीच नापसंती दाखवायची.

साहेब उभे राहिले. उभे राहायचं, एवढंच काम होतं. पण त्यांचे डोळे खाली गेले आणि मला कळलं की ते मोजत आहेत. टेबलावर दोन. टेबलाखाली चार. खांबाशी दोन. रेघेवर एक. नऊ. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा नऊ. त्यांच्या कमरेला घाम आला. दहाच्या दहा काळ्यात लागल्याचं त्या माणसाला भान नव्हतं. दहा दिल्या, नऊ भरल्या.

मी ओरडलो असतो. साहेब, ती माझ्यात आहे, कमरेला हात लावा, सगळ्या गावासमोर रोज लावता तसा एकदा लावा. पण चामड्याला तोंड दिलं ते फक्त उघडं राहायला.

साहेब वाकले. टेबलाखालून हात घालून त्यांनी एक, दोन, चार उचलल्या आणि खिशात टाकल्या. मग पुढच्या गवतात काहीतरी चकाकलं. बाटलीचं झाकण होतं ते. ते टेबलाला वळसा घालून, लाल रेघ ओलांडून, तिरके, तुस्कानोंच्या निशाणाच्या दिशेने दोन पावलं चालत गेले आणि पुन्हा वाकले.

शिट्टी इतकी जोरात वाजली की डोंगरावरचे बगळे उठले.

तुस्कानोंचं पिस्तूल उचललेलं होतं. त्यांचा एक डोळा मिटलेला होता आणि बोट चापावर होतं. साहेबांचं डोकं त्यांच्या कागदाच्या काळ्या गोलासमोर आलं होतं. एका क्षणापुरतं. मग तुस्कानोंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभे राहिले.

जेन्सन काय म्हणाला ते मी सगळं सांगत नाही. वयाने लहान असला तरी त्याचं बरोबर होतं. शेवटी तो म्हणाला, “अंकल, शूटिंग एकदम बढिया. पण मी तुम्हाला सर्टिफिकेट नाही देऊ शकत.” साहेब म्हणाले, “एक पुंगळी कमी आहे.” जेन्सनने तुस्कानोंकडे पाहिलं. तुस्कानोंनी हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली.

तुस्कानो पास झाले. दहापैकी चार लागल्या, त्यातली एक कागदाच्या कोपऱ्यात. पण ते हलले नाहीत. त्या बाबतीत त्यांचा लौकिक पोलिसातही होता.

स्कूटरवर परत येताना दोघांनी महामार्ग ओलांडला. मग पुढे बघतच तुस्कानो म्हणाले, “राऊत, मी दाबणार होतो.”

साहेबांनी सीटखालची दांडी घट्ट धरली.

“इतकी वर्षं तुला शिव्या घातल्या. गोळी घालायचं मनात कधीच नव्हतं. आज घातली असती, आणि लोक म्हणाले असते की गुडघ्यांचा सूड घेतला.”

घरी आल्यावर साहेबांनी पट्टा काढून मला खुंटीला लावलं आणि ओट्यावर जाऊन बसले. नापास झालो, एवढंच सांगितलं. आशालताबाईंनी जास्त विचारलं नाही. जेवणं झाली, त्यांनी सुपारी कातरली आणि सवयीने अडकित्ता आणून माझ्यात सरकवला. तो तळाशी गेला आणि ‘टिंग’ झालं.

त्यांनी मला उलटं करून झटकलं. पुंगळी फरशीवर पडली आणि गोल फिरत साहेबांच्या पायाशी जाऊन थांबली.

साहेबांनी ती उचलून तळहातावर ठेवली. “आशा,” ते म्हणाले, “ही माझ्याच कमरेला होती.”

“मग त्यात नवल काय,” त्या म्हणाल्या. “चष्मा डोक्यावर असतो तेव्हा तुम्ही अख्खं घर उपसता.”

त्यावर साहेब हसले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, कागद घेतला आणि जेन्सनला पत्र लिहिलं. अमुक तारखेच्या परीक्षेत वापरलेल्या दहा पुंगळ्यांपैकी न मिळालेली एक पुंगळी सोबत पाठवत आहे, पोच मिळावी. दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिलं. जेन्सनने पत्र दोनदा वाचलं.

“अंकल, हे कुरिअर केलं असतं तरी चाललं असतं. म्हणजे, नसतं केलं तरी चाललं असतं.” मग त्याने पोच दिली. लिहिताना तो विचार करत असावा, कारण पोच देऊन म्हणाला की पुढच्या महिन्यात परत या, मी स्पेशल स्लॉट देतो, तुमच्यासारखं कुणी मारत नाही इथे.

साहेब म्हणाले, “येईन, आणि दहाच्या दहा मारीन. आणि मग परत वाकेन. तू शिट्टी वाजवलीस तरी वाकेन. आधी मोजायचं, मग बाकीचं, हे आता अंगातून जायचं नाही. तुझ्या मैदानावर माणूस मरायला नको.”

त्याच आठवड्यात त्यांनी परवाना आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही कायमचं जमा करण्याचा अर्ज लिहिला. अर्ज इतका नमुनेदार होता की पोलीस ठाण्यातल्या सीमा नावाच्या शिपाई मुलीने तो पुढे लोकांना दाखवायला जपून ठेवला. कानपूरकरांना कपाटातून बाहेर काढलं. वर्षाहून अधिक काळाने आम्ही एकमेकांना पाहिलं. ते जरा सुस्त दिसत होते, पण ते पूर्वीही तसेच होते. सीमाने त्यांच्या गळ्यात चिठ्ठी बांधायला घेतली. साहेबांनी दोन मिनिटं सहन केलं.

“गाठ सुटेल ही,” ते म्हणाले. “दे इकडे.” आणि स्वतःच्या हाताने, दोन वेढे आणि एक आडवी गाठ, तशी चिठ्ठी बांधली. त्यांनी हजारो बांधल्या होत्या, पण या वेळी दोरा दोनदा निसटला. सीमाने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. शहाणी मुलगी.

मला साहेबांनी घरी आणून फडताळाच्या वरच्या फळीवर टाकलं. अडकित्ता आशालताबाईंच्या पानाच्या डब्यात परत गेला. जे माझं होतं ते गेलं, आणि जे नव्हतं तेही गेलं.

पुढचा रविवार आला. सकाळी अकराच्या सुमारास गल्लीत हॉर्न वाजू लागले. मग माणसांचे आवाज. एक पांढरी मोठी गाडी समुद्राकडे निघालेली, समोर ऑगस्टीनचा वांग्यांनी भरलेला टेम्पो. पाहुणे काच खाली करून कुणाचं तरी नाव सांगत होते. साहेब खिडकी लावून घरात बसून राहिले. ऑगस्टीनने एक हाक मारली. दुसरी मारली. मग ते स्वतःच ओटा चढून आत आले.

“चला साहेब. वांगी उन्हात आहेत.”

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी सदऱ्याचं टोक वर केलं. कमरेला नुसता पट्टा होता. “ऑगस्टीन, बस जरा. रिव्हॉल्व्हर मी सरकारजमा केलं. परीक्षेत नापास झालो. आणि खरं सांगायचं तर, त्याच्या आधीही वर्षभर माझ्याकडे ते नव्हतं. तुम्हा सगळ्यांना मी फसवत होतो. माझ्या कमरेला...”

“अडकित्ता होता,” ऑगस्टीन म्हणाले.

स्वयंपाकघरातली भांडी वाजत होती, ती थांबली.

“वहिनी आल्बिनाकडे विचारायला आल्या होत्या, तुमच्याकडे राहिलाय का म्हणून,” ऑगस्टीन म्हणाले. “चौथ्या दिवशी परत येऊन म्हणाल्या, सापडला. कुठे सापडला तेही म्हणाल्या.”

“गावात किती जणांना माहीत आहे?”

“सांडोरपर्यंत.”

साहेबांना सांडोरचे तुस्कानो आठवले असावेत, रोज सकाळी ओट्यावर येऊन बसणारे. बाहेर हॉर्नवर हॉर्न. “म्हणजे तुम्ही सगळे वर्षभर मला हसत होता.”

“आधी हसलो,” ऑगस्टीन म्हणाले. “खोटं कशाला बोलू. पण गाड्या मागे जात होत्या ना. मग कुणाला बोललो नाही. पाहुण्यांना तर नाहीच. तुमच्या परवान्यात लिहिलंय म्हणता ना, झाकून बाळगायचं म्हणून. तुम्हाला काही ते जमलं नाही. आम्ही झाकलं.”

आशालताबाई बाहेर आल्या. कुणाकडे न बघता त्यांनी स्टुलावर चढून फळीवरून मला काढलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि अडकित्ता माझ्यात खोचला. मला साहेबांच्या पुढ्यात धरलं.

“जेवणानंतर परत पाहिजे,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला पट्ट्यात ओवलं. सदरा नीट खाली ओढला, या वेळी खरंच झाकलं जाईल असा. ते गल्लीत गेले. गल्लीत आल्बिना होती, कुंपणावर आणखी चार-पाच जण होते आणि सगळ्यांचे चेहरे इतके गंभीर होते की मी गहिवरलो. ऑगस्टीनने टेम्पोपाशी जाऊन घसा साफ केला आणि मोठ्याने विचारलं, “साहेब, भरलंय ना?”

साहेब थांबले. मी वाट पाहिली.

“दोन सुपाऱ्या,” ते तितक्याच मोठ्याने म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकाने कपाळ पुसलं.

पांढऱ्या गाडीतल्या माणसाने दोन सुपाऱ्या याचा काय अर्थ घेतला ते मला माहीत नाही. मुंबईत त्या शब्दाला वेगळं वजन असेल. पण ती गाडी इतकी सरळ आणि इतकी लांब मागे गेली की थेट डांबरी रस्त्यावर जाऊन थांबली. वांगी वेळेवर पोचली.

माझा जबाब इथे संपतो. वरचा मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर असून पोटातला जळका गोल पुरावा म्हणून दाखवायला मी केव्हाही तयार आहे. साहेब नापास झाले ते माझ्यामुळे, हा कबुलीजबाब समजावा. शिक्षा म्हणून मला रोज दुपारी रिकामं करतात आणि संध्याकाळी भरतात, ती मी भोगतो आहे. माझ्या चामड्याला आता सुपारीचा वास लागला आहे आणि तो मला आवडू लागला आहे.

तुमच्याकडे मागणं एकच. रविवारी भुईगावच्या समुद्रावर येणार असाल तर गाडी मोठ्या रस्त्यावर ठेवा आणि गल्लीतून चालत या. आणि समजा तरी गाडी घेऊन आलात, समोरून टेम्पो आला, आणि एक म्हातारे गृहस्थ काही न बोलता कपाळ पुसू लागले, तर आता तुम्हालाही सगळं ठाऊक आहे. तेव्हा चेहरा गंभीर ठेवा, गाडी मागे घ्या, आणि झाकून ठेवा.